२८ फेब्रुवारीच्या रात्री आम्हाला मोजायला येणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
जनगणना २०२७ साठी मुंबईत नेमलेले सर्व प्रगणक आणि पर्यवेक्षक,
म्हणजे बहुतेक करून शाळांमधले सर, बाई आणि वॉर्ड ऑफिसातले कर्मचारी

स.न.वि.वि.

तुम्ही मला ओळखत नाही, पण तुमच्यासारख्याच एका पालिका शाळेतल्या बाईंनी मला लिहायला शिकवलं, म्हणून हे पत्र लिहिता येतंय. माझा जन्म भायखळ्याच्या फुटपाथवरचा. आई-वडील सोलापूर जिल्ह्यातून बहात्तरच्या दुष्काळात मुंबईत आले. गोदामाच्या भिंतीला ताडपत्री बांधून त्यांनी जो संसार मांडला, तो माझ्या शाळेच्या दाखल्यावर ‘गोदामाशेजारी’ एवढ्याच पत्त्याने नोंदला गेला. आता मी मानखुर्दला पुनर्वसनाच्या इमारतीत राहते आणि बेघरांच्या एका रात्रनिवाऱ्यात काळजीवाहक म्हणून काम करते. म्हणजे फुटपाथ सुटला, तरी फुटपाथवरची माणसं सुटली नाहीत.

सरकारला पत्रं बरीच गेली आहेत, पुढेही जातील. हे मुद्दाम तुम्हाला लिहिते आहे. नियम दिल्लीत ठरतात, पण कुणासमोर कुठला पर्याय निवडायचा ते तुमचं बोट ठरवतं. यंदा तर तेही मोबाईलवर.

जनगणनेचा हिशोब १ मार्च २०२७ ला मध्यरात्री बारा वाजता धरला जाणार आहे. घरात राहणाऱ्यांकडे तुम्ही फेब्रुवारीत जाल. ज्यांना घरच नाही, म्हणजे फुटपाथवर, पुलाखाली, जिन्याखाली, पाइपात, देवळाच्या आवारात, रेल्वे फलाटावर जे राहतात, त्यांची मोजणी एका रात्रीत उरकायची असते. २०११ मध्ये ती २८ फेब्रुवारीची रात्र होती, आणि रीत तीच राहिली तर यंदाही तीच असेल. एका रात्रीत आख्खं शहर! तुमच्यातले बरेच जण वैतागले असतील, आणि त्यात तुमचं काही चुकलं असं मला वाटत नाही. शाळा, परीक्षा, निवडणुका, आणि वर हे.

तरी थोडं ऐका. कारण या शहरात मोजलं जाणं म्हणजे काय, हे आम्हाला फार महागात पडून कळलेलं आहे.

१३ जुलै १९८१ ला तेव्हाचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईतल्या फुटपाथवरच्या आणि झोपड्यांतल्या लोकांना हटवून आपापल्या गावी पाठवायचं. भर पावसात झोपड्या तोडल्या, माणसं बसमध्ये भरली आणि शहराबाहेर नेऊन सोडली. बरीचशी परत आली, कारण पोट मुंबईत होतं. काही फुटपाथवासी आणि पत्रकार ओल्गा टेलिस सुप्रीम कोर्टात गेले. १० जुलै १९८५ ला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठाने निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं कोर्टाने त्यात म्हटलं. हे वाक्य वकिलीच्या पुस्तकांत सगळीकडे असतं. त्याच निकालात कोर्टाने आम्हाला हटवायलाही परवानगी दिली होती, फक्त पावसाळा संपून ३१ ऑक्टोबर उजाडू द्या म्हणून सांगितलं, हे मात्र कुणी फारसं सांगत नाही.

आणि पर्यायी जागा कुणाला द्यायची? १९७६ च्या गणतीत ज्यांचं नाव होतं त्यांना. ती गणती झोपडपट्ट्यांची होती. फुटपाथवरच्या बहुतेकांपर्यंत ती पोचलीच नव्हती. म्हणजे जगण्याचा हक्क सगळ्यांना, आणि जागेचा हक्क त्या एका वर्षी ज्याच्या दारात कुणी वही घेऊन गेलं त्याला. माझ्या आईला तो निकाल कुणीतरी समजावून सांगितला तेव्हा तिने एवढंच विचारलं होतं, “मग त्या दिवशी आपल्याकडे का नाही आले?” पुढे झोपडपट्टी पुनर्वसनात १ जानेवारी १९९५ ही पात्रतेची तारीख आली, तेव्हाही खेळ तोच. त्या तारखेला तुम्ही कुठल्या कागदावर होतात?

भायखळ्याच्या बायका मात्र कुणाच्या वहीची वाट बघत बसल्या नाहीत. १९८५ मध्ये एका संस्थेच्या मदतीने त्यांनी स्वतःच आपली मोजणी केली. सहा हजारांच्या आसपास कुटुंबं भरली. कोण, कुठल्या गावचं, किती वर्षांपासून इथे, काय काम, किती मजुरी, सगळं लिहून काढलं. पुढच्या वर्षी महिला मिलन ही त्या बायकांची संघटना उभी राहिली. रोज रुपया-दोन रुपये बचत, आणि घर मिळालं तर ते कसं असावं याची मापं जमिनीवर साड्या पसरून. मी लहान होते, पण आई आणि शेजारणी रस्त्यावर साडी अंथरून “इथे मोरी, इथे चूल” असं भांडत बसायच्या ते मला लख्ख आठवतं. मोरीवर भांडण सगळ्यात जास्त व्हायचं.

आता त्या रात्रीबद्दल बोलू.

२८ फेब्रुवारी २०२७ ला रविवार आहे, आणि रमजान चालू असेल. या दोन गोष्टी लक्षात ठेवल्यात तर तुमचं काम निम्मं सोपं होईल. रविवारी लग्नं असतात, आणि लग्नात वाढपी, भांडी घासणारे, टेबलं उचलणारे कोण असतात? ग्रँट रोडच्या, मरीन लाइन्सच्या फुटपाथवर झोपणारी एकटी पोरं. कॅटरिंगचं काम त्यांच्यात सगळ्यात जास्त चालतं, कारण त्यात एक वेळचं जेवण मिळतं आणि काळी पॅंट-पांढरा शर्ट ठेकेदार देतो. ही पोरं रात्री दोन-अडीचला परत येतात. अकरा वाजता त्या फुटपाथवर तुम्हाला नुसती दोरीने बांधलेली बोचकी दिसतील. ‘कोणी नाही’ असं नोंदवून पुढे गेलात, की तेवढी माणसं पुढच्या जनगणनेपर्यंत नाहीशी झाली.

मोहम्मद अली रोड, भेंडी बाजार, माहीम या भागांत रमजानच्या रात्री सहेरीपर्यंत कुणी आडवं होत नाही. तिथला बेघर त्या वेळी भट्टीजवळ कांदा कापत असेल, हातगाडी ढकलत असेल, दर्ग्याबाहेर बसलेला असेल. झोपलेला माणूस शोधत फिरलात तर सापडायचा नाही.

दादरच्या फुलबाजारात पहाटे चारला फुलं घ्यायला जाणाऱ्या बायका, बंदरावर कोळंबी सोलायला अंधारात निघणाऱ्या बायका, यांची झोप रात्री दहा ते तीन. मस्जिद बंदरला हातगाडीवाले आपल्याच गाडीवर झोपतात. क्रॉफर्ड मार्केटचे पाटीवाले पाटी उशाला घेऊन. दुकानाच्या ओट्यावर झोपलेला माणूस त्या दुकानाचा राखणदार असतो. पगार नाही, पण ओटा त्याचा आणि कुलपावर नजर त्याची, असा तो करार. शेठ लोक ओट्यावरच्या माणसावर जेवढा भरवसा ठेवतात तेवढा सीसीटीव्हीवर ठेवत नाहीत.

याच ओघात सांगते, कारण तुम्हीही हे मनात म्हटलं असेल: “दिवसाढवळ्या झोपा काढतात, आळशी मेले.” दुपारी बारा वाजता पुलाखाली बाई झोपलेली दिसते. एकटी बाई रात्री फुटपाथवर झोपत नाही, झोपू शकत नाही. ती रात्रभर बसून राहते, किंवा हॉस्पिटलच्या आवारात, स्टेशनच्या उजेडात येरझाऱ्या घालते, आणि ऊन डोक्यावर आलं, रस्ता माणसांनी भरला, की मग डोळा लावते. गर्दी असली की तिला झोप लागते. तिची दुपार म्हणजे आपली मध्यरात्र.

मोठ्या कुटुंबांत झोपायचाही क्रम असतो. कडेला म्हातारी माणसं, मग बाप्ये, मध्ये बायका, त्यांच्या मध्ये पोरं. नवीन आलेल्याला जागा विचारावी लागते, आणि ती बहुधा त्या टापूतली एखादी जुनी मावशी देते. ती जागा मग त्याचीच. दोन महिने गावी जाऊन आला तरी तिच्यावर दुसरं कुणी अंथरूण टाकत नाही. नावं कमी वापरतात. नगरवाली, लातूरवाला, ठिगळ्या, डॉक्टर (हा डॉक्टर एका दवाखान्यात झाडू मारायचा). तुम्ही खऱ्या नावाने हाक मारलीत तर माणूस दचकेल, कारण खरं नाव फक्त पोलिसाला ठाऊक असतं. मावशीला आधी गाठा. त्या टापूची हजेरी तिच्या डोक्यात असते.

परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपासच्या फुटपाथवर जाल, तेव्हा सोबत कुणीतरी हिंदी, बंगाली समजणारं असू द्या. तिथले लोक बिहारचे, बंगालचे, उत्तर प्रदेशचे आणि आपल्या विदर्भ-मराठवाड्याचेही. त्यांच्याकडे फायली आहेत, एक्स-रे आहेत, गावी घर आहे, कुणाकुणाची दोन-चार एकर शेती होती, ती केमोत गेली. धर्मशाळेत जागा मिळेपर्यंत, किंवा पुढच्या तारखेपर्यंत, महिना-दोन महिने रस्त्यावर. “हे काही बेघर नाहीत, यांना गाव आहे,” असं म्हणून सोडून देऊ नका. मोजणीच्या पूर्ण काळात जो घरी नव्हता, त्याला गावाकडचा प्रगणक धरत नाही. इथे तुम्हीही धरला नाहीत तर तो कुठेच नाही. गाव असलेला माणूसही बेघर होतो, आणि एका आजारात होतो, हे तुमच्या नोंदींतून दिसू दे.

आता कामाच्या रकान्याकडे येते. हे पत्र लिहायचं खरं कारण हा रकाना.

मागच्या जनगणनेत काम न करणाऱ्यांसाठी जे पर्याय होते, त्यांत विद्यार्थी, घरकाम, अवलंबून, पेन्शनर वगैरेंबरोबर ‘भिकारी’ हाही एक होता. अंधारात, घाईत, मळक्या कपड्यांतला माणूस समोर असताना तो पर्याय आपोआप निवडला जातो. न विचारता. २०११ चे आकडे बघा. देशात बेघर १७ लाख ७० हजारांच्या वर, आणि भिकारी व भटके या सदरात घरवाले-बिनघरवाले सगळे धरून ४ लाख १३ हजार. महाराष्ट्रात बेघर सुमारे २ लाख १० हजार, आणि भिकारी व भटके सुमारे २४ हजार. सरकारचा स्वतःचाच आकडा सांगतो की रस्त्यावर राहणारा म्हणजे भीक मागणारा हे समीकरण चुकीचं आहे. तरी कुठल्याही सोसायटीच्या मीटिंगमध्ये आमचा विषय ‘भिकाऱ्यांचा उपद्रव’ याच नावाने निघतो.

मग बाकीचे काय करतात? बिगारी, नाक्यावरची मजुरी, कचरा-भंगार वेचणं, गटारसफाई, कॅटरिंग, हमाली, गजरे, लिंबू-मिरची, सिग्नलवर पेनं-खेळणी. गणेशोत्सवात मंडपाचे बांबू, निवडणुकीत झेंडे. अशा माणसाला “काय काम करतोस?” असं विचारलंत तर तो “काही नाही, असंच” म्हणेल. फुटपाथवर काम म्हणजे पगाराची नोकरी. म्हणून प्रश्न असा करा: काल काय केलंस? परवा? गेल्या पावसाळ्यात? मग उत्तरं येतील, आणि वर्षातले सहा महिने सहज भरतील.

‘भिकारी’ ही नुसती नोंद नसते, याचीही जाणीव असू द्या. १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आजही आहे. त्याच्यात भीक म्हणजे फक्त हात पसरणं नाही. गाणं म्हणून, नाचून, भविष्य सांगून, खेळ करून किंवा काही विकायच्या मिषाने पैसे घेणं हीही भीक. शिवाय उपजीविकेचं दिसेल असं साधन नसताना सार्वजनिक जागी फिरणं किंवा थांबणं, हेही त्यात बसू शकतं. वॉरंटशिवाय पकडता येतं. पहिल्यांदा एक ते तीन वर्षं, पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत कोंडता येतं. दिल्लीत हायकोर्टाने ८ ऑगस्ट २०१८ ला या कायद्याची बरीच कलमं घटनाविरोधी ठरवून रद्द केली. आपल्याकडे भिकारी पकडणारी गाडी अजून फिरते, आणि ‘गाडी आली’ हे दोन शब्द ऐकले की अर्ध्या मिनिटात फुटपाथ रिकामा होतो.

या व्याख्येत कोण कोण बसतं ते मी कधीकधी मोजते. वासुदेव बसतो. पिंगळा बसतो. पोतराज, डोंबारी, नंदीबैलवाला. शाळेच्या स्नेहसंमेलनात तुम्ही ज्यांची सोंगं पोरांकडून करून घेता ते सगळे. आणि गाडगेबाबा? अंगावर चिंध्या, हातात झाडू आणि फुटकं गाडगं, कुठेही मुक्काम, लोक देतील ती भाकरी. या कायद्याच्या नजरेने बघितलं तर सरळ गुन्हेगार. १९५६ मध्ये ते गेले, कायदा तीन वर्षांनी आला, म्हणून वाचले. त्यांच्या नावाने आपण स्वच्छता अभियान काढतो, आणि स्वच्छता म्हटलं की पहिला हटतो तो त्यांच्यासारखा दिसणारा माणूस. त्यांनी आयुष्यभर धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावाच्या मिशनची दादरची धर्मशाळा आज टाटाच्या रुग्णांना आसरा देते. गाडगेबाबांना हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी कळला होता. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सांगितलं की मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा. मुंबईच्या २०११ च्या लोकसंख्येला सव्वाशेच्या आसपास निवारे लागतील. त्याच्या निम्मेही आज नाहीत. किती लागतात हा वाद निघाला की आकडा मागतात, आणि तो आकडा तुमच्या त्या एका रात्रीचा असतो. मागच्या वेळी मुंबईत तो सुमारे ५७ हजार निघाला. शहरांमधले बेघर देशभरात २००१ ते २०११ या काळात ७ लाख ७८ हजारांवरून ९ लाख ३८ हजारांवर गेले, आणि त्यानंतर कुणी मोजलेलंच नाही.

जातीबद्दल. १९३१ नंतर पहिल्यांदा यंदा सगळ्यांची जात विचारली जाणार आहे. फुटपाथवर हा प्रश्न घरातल्यासारखा सोपा नाही. मुंबईच्या पुलांखाली पारध्यांची कुटुंबं आहेत. सिग्नलवर गजरा, लिंबू-मिरची विकणाऱ्या कितीतरी बायका त्यांच्यातल्या. इंग्रजांनी १८७१ मध्ये जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण आजूबाजूला कुठे चोरी झाली की पोलीस पहिला दांडका त्यांच्याच पालावर आपटतो. त्या बाईला पोलिसाच्या देखत “जात काय?” असं विचारलंत तर ती मराठा सांगेल, माळी सांगेल, तुमच्या तोंडाकडे बघून तुम्हाला बरं वाटेल ते सांगेल. म्हणून पोलिसांना लांब उभं करा. आणि आधी सांगा की १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे ही माहिती गुप्त राहते, कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही, आणि यासाठी कुठलाही कागद दाखवावा लागत नाही. आधार मागू नका. ज्याचं आधार पालिकेने उचलून नेलेल्या बोचक्यात गेलं, त्याच्या तोंडाला तो प्रश्न ऐकून कुलूप लागतं.

“नवरा कुठे आहे?” हेही मोठ्याने विचारू नका. एकटी बाई हमखास सांगेल की कामावर गेलाय, येईल इतक्यात. नवरा वारला असेल, सोडून गेला असेल, किंवा हीच त्याच्या माराला कंटाळून पळाली असेल. पण पलीकडे चार पुरुष कान टवकारून पडलेत, तेव्हा ‘येणारा नवरा’ हीच तिच्या दाराची कडी. हा प्रश्न तुमच्यातल्या बाईने, बाजूला बसून विचारावा.

वय सांगता येणार नाही. मग विचारा, बहात्तरच्या दुष्काळात होतीस का? बॉम्बस्फोटाच्या वर्षी केवढी होतीस? २६ जुलैच्या पुरात पोर कडेवर होतं की पोटात? तीन प्रश्नांत वय हाती येतं. जन्मस्थळ मात्र सरळ विचारा आणि उत्तराला हसू नका. “इथेच,” असं म्हणून तो खाली फरशीकडे बोट दाखवेल. ‘बाहेरून आलेले लोंढे’ म्हणतात त्यातली तिसरी पिढी आज फुटपाथवरच जन्मलेली आहे.

झोपलेल्याच्या तोंडावर टॉर्च मारू नका. पांघरुणाला हात लावू नका. रस्त्यावर पांघरुणाला लागलेला हात चोराचा असतो, नाहीतर त्याहून वाईट. दोन हात लांब उभं राहून ‘दादा’, ‘मावशी’ अशी हाक मारा आणि जागं व्हायला वेळ द्या.

सगळं गोडगोड आहे असं मी म्हणणार नाही. तुम्हाला गर्दुल्ले भेटतील. सोल्युशनचा बोळा नाकाला लावलेली बारा वर्षांची पोरं भेटतील, आणि त्यांना बघून तुम्हाला तुमच्या वर्गातली पोरं आठवतील. चोऱ्या होतात, आणि त्या सगळ्यात आधी आमच्यातच होतात. बायकांवर हात पडतात, पोरी नाहीशा होतात. भांडणात ब्लेड निघतं. पण निवाऱ्यात इतकी वर्षं माणसं जवळून बघून माझं मत असं झालंय की नशेमुळे रस्त्यावर आलेले जितके, तितकेच रस्त्यावर आल्यामुळे नशेला लागलेले असतात. थंडी, डास, भूक, भीती आणि रात्रभर गाड्यांचे हॉर्न, यांत काही न घेता झोपून दाखवा. दारूच्या गुत्त्यापेक्षा आमच्याकडे गरज शौचालयाची असते, आणि तेही पैसे टाकून वापरायचं, रात्री बहुतेक ठिकाणी बंद. मग सकाळी ‘घाण करतात’ म्हणून तक्रार.

जो बोलतच नाही, स्वतःशी पुटपुटतो, उकिरड्यातलं खातो, त्याला ‘वेडा’ म्हणून ओलांडून जाऊ नका. तोही एक माणूस भरतो. नाव नसेल तर ‘नाव सांगत नाही, पुरुष, अंदाजे चाळीस’ असं पर्यवेक्षकाला विचारून नोंदवा. डॉ. भरत वाटवानींना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो याच माणसांसाठी. रस्त्यावरून उचलून, उपचार करून, त्यांच्या कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने हजारो जणांना घरी पोचवलं आहे. त्यांतल्या कित्येकांच्या घरी बायको, पोरं, आई-बाप वाट बघत होते. ज्याला कुणी नाही असं आपण धरून चालतो, त्याचं बहुतेक वेळा कुणीतरी असतं.

घरयादीच्या टप्प्यात तुम्ही घराघरांत जाऊन पाणी कुठून, संडास कसला, स्वयंपाक कशावर, घरात टीव्ही-मोबाईल आहे का, असे तेहतीस प्रश्न विचारता. ते प्रश्न आम्हाला लागू नाहीत, कारण ते घराला विचारायचे असतात. त्यामुळे या शहरात पाण्याचा कॅन विकत घेऊन अंघोळ कोण करतं, मोबाईल पानवाल्याकडे पैसे देऊन कोण चार्ज करतं, हे कुठल्याच सरकारी तक्त्यात येत नाही. तुमच्या हातात तो फॉर्म नाही, हे मला माहीत आहे. पण वरच्या साहेबांना अहवाल लिहिताना दोन ओळी जास्त लिहिता येतात.

आणि एक विनंती पर्यवेक्षकांना. मोठा पाहुणा येणार असला, कुठली परिषद असली, की आधीच्या आठवड्यात रस्ते ‘मोकळे’ करतात, हे तुम्हीही बघता. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात अतिक्रमण विभागाची गाडी बंद ठेवायला वॉर्ड ऑफिसरना लेखी कळवा. सकाळी एका खात्याने पळवलेली माणसं रात्री दुसऱ्या खात्याला सापडणार कशी? मतदारयादीच्या कामात निवडणूक आयोगाने एवढं शहाणपण दाखवलेलं आहे. बेघर माणसाकडे पत्त्याचा पुरावा मागायचा नाही, अधिकाऱ्यानेच रात्री तिथे जाऊन, एकापेक्षा जास्त रात्री जाऊन, तो तिथे झोपतो का ते बघायचं. जनगणनेला एकच रात्र आहे, पण ती रात्र कुठे घालवायची याची तयारी आधीचे दोन-तीन आठवडे करता येते.

त्या तयारीला आम्ही येऊ. भायखळा, रे रोड, माझगाव या पट्ट्यात कुठल्या पुलाखाली किती चुली पेटतात, कुठला टापू रात्री दोननंतरच भरतो, कुठे पारधी आहेत, कुठे एकट्या बायका, हे नकाशावर खुणा करून दाखवायला आमच्यातल्या काही जुन्या बायका तयार आहेत. फी नको, प्रमाणपत्र नको. तुमच्या प्रशिक्षणात अर्धा तास द्या, नाहीतर शाळेच्या एखाद्या वर्गात बसू. फक्त वेळ संध्याकाळी सातनंतरची ठेवा. त्याआधी सगळ्या कामावर असतात.

कळावे,
रात्रनिवाऱ्याची एक काळजीवाहक, मानखुर्द
(मूळ पत्ता: गोदामाशेजारी, भायखळा)